मागच्या चाकाचे तीन अभिप्राय

बुधवारी सकाळी मोटारसायकलीच्या मागच्या चाकातली हवा गेली, तेव्हा भीमराव समुद्रकिनारी होते. म्हणजे उभे होते कोथरूडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच. हातात फडकं होतं, टाकी पुसणं चाललं होतं. पण मन थेट दिवेआगरला पोचलं होतं. ओल्या वाळूत पाय, शेजारी प्रेमलाबाई आणि समोर पसरलेलं ते निळं निवांत पाणी. चाकातून येणारी सुस्सऽ त्यांना बराच वेळ लाटेचीच वाटली. लाट नुसती येतेच आहे, परत काही जात नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांनी खाली पाहिलं. चाक बसलं होतं आणि टायरमध्ये निळ्या टोपीचा एक खिळा होता.

आता तुमच्या-आमच्यासारखा माणूस काय करेल? दोनशे पावलांवर संतोषचं पंक्चरचं दुकान आहे, तिथवर गाडी ढकलत नेईल आणि तासाभराने घरी येऊन चहा पिईल. पण भीमराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं त्यांनी कालव्यांच्या गळतीच्या फायली हाताळल्या होत्या. गळती दिसली की आधी पंचनामा, हे रक्तातच भिनलेलं. त्यांनी पक्कड आणून खिळा उपटला. त्याबरोबर चाकात उरलीसुरली होती तीही हवा निघून गेली. मग त्यांनी खिळा एका पाकिटात घातला आणि पाकिटावर तारीख, वेळ आणि स्थळ लिहून खाली सही केली.

एरवी हे चाक महिनाभर बसून राहिलं असतं तरी चाललं असतं. पण शनिवारी पहाटे सहा वाजता निघायचं ठरलं होतं. लग्न झाल्यापासून, म्हणजे एकतीस वर्षं, भीमराव प्रेमलाबाईंना सांगत आले होते की आपण दोघं गाडीवरून कोकणात जाऊ आणि समुद्रापाशी बसू. समुद्र दोघांनी पाहिला नव्हता असं नाही. दर सहा डिसेंबरला दादरला जायचेच की. पण ते जाणं वेगळं. तिथे लाखो माणसांत रांगेला उभं राहायचं, चैत्यभूमीपुढे हात जोडायचे, डोळे भरून यायचे. समुद्र बाजूला असायचा, त्याच्याकडे बघायला तेव्हा कोणाला सवड? नुसतं बसायला, काही काम न घेता, म्हणून दोघं समुद्राला कधी गेलेच नव्हते. दोन महिन्यांपूर्वी प्रेमलाबाई नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि त्यांनी स्वतःच तारीख पक्की केली. वर बजावलं, "या शनिवारी नाही झालं, तर मी महिला मंडळाच्या बसने जाईन. तीही दिवेआगरलाच जातेय. हिराताईंनी माझ्यासाठी खिडकी धरून ठेवलीय."

हिराताई खालच्या मजल्यावर राहतात. त्यांनी एकदा खिडकी धरली की ती सुटत नाही, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे.

तर संतोषने पार्किंगमध्ये येऊन गाडी पाहिली. चाक सोडवलं, ट्यूब बाहेर काढली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "काका, ट्यूब कुठाय?"

"हातात आहे की तुझ्या."

"हे सगळं ठिगळच आहे. नवीन टाका. टायरपण टाका, चिरा पडल्यात."

"त्या चिरा नाहीत, सुरकुत्या आहेत," भीमराव म्हणाले. "मलाही आहेत. मला कोणी बदलतं का?"

संतोषने यावर प्रेमलाबाईंचं मत घ्या असं सुचवलं, पण भीमरावांनी ते ऐकलं नाही. ते मनातल्या मनात टिपणी लिहीत होते. दुरुस्ती शक्य असेल तर नवीन खरेदीला मान्यता नाही, हे वाक्य त्यांनी खात्यात हजारदा लिहिलं होतं. खुद्द साहेबांची मोडकी खुर्ची त्यांनी तीनदा दुरुस्त करून आणली होती. चौथ्यांदा साहेबच मोडले आणि बदली मागून गेले, पण खुर्ची नवी आली नाही. दुसरा नियम त्याहून कडक होता. तीन अभिप्राय आल्याखेरीज सही नाही. संतोषचा अभिप्राय प्रतिकूल आला होता. म्हणजे आणखी दोन हवेत.

"चाक तसंच राहू दे," ते म्हणाले. "मी बरोबर नेतो."

"आणि गाडी?"

"गाडी विटांवर उभी राहील."

संध्याकाळी पार्किंगमध्ये सभाच भरली. सेक्रेटरी साईनाथराव म्हणाले, "भीमराव, देशात टायरचा तुटवडा पडलाय असं ऐकिवात नाही." हिराताई म्हणाल्या, "त्यात म्हणे नायट्रोजन भरायचा असतो." "कशाला?" या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, पण भरायचा असतो हे नक्की होतं. मुलगा सौरभ कंपनीतून आला, त्याने हेल्मेट न काढताच निकाल दिला. "पप्पा, सिंपल आहे. रिप्लेस करा. मी आत्ता ऑर्डर टाकतो, उद्या डिलिव्हरी. नाहीतर माझी कार घेऊन जा ना! एसी आहे, गाणी आहेत."

"कारमधून वारा लागत नाही," भीमराव म्हणाले.

"एसी म्हणजे वाराच आहे की!"

भीमराव विटांवरच्या गाडीकडे बघत होते आणि त्यांना गाडी घाट उतरताना दिसत होती. मागे प्रेमलाबाई, त्यांचा एक हात आपल्या खांद्यावर, आणि वळणावळणाला खालून वर येणारा खारा वास. इतक्या सुंदर ठिकाणी माणूस उभा असताना त्याला डिलिव्हरीचं विचारणं हा शुद्ध अरसिकपणा होता.

गुरुवारी चाक घेऊन ते बसमध्ये चढले. शनिवार पेठेत सीताराम नावाचे जुने कारागीर आहेत, पुण्यात असं पंक्चर काढणारा दुसरा नाही, असं त्यांना खात्यातल्या एका ड्रायव्हरने सांगितलं होतं. सांगितलं होतं वीस वर्षांपूर्वी, पण भीमराव नोंदी जपून ठेवतात.

"हे काय?" कंडक्टरने विचारलं.

"चाक."

"ते दिसतंय. पण बसला आहेत चाकं, जादा लागत नाही."

मागच्या सीटवरचा एक जण म्हणाला, सीटवर ठेवलंय तर पूर्ण तिकीट घ्या. दुसरा म्हणाला, तीन फुटांच्या आत आहे, अर्धं होईल. चाकाच्या वयाचीही चौकशी झाली. तोंड मिटून बसेल ते पुणेकर कसले! शेवटी भीमरावांनी चाक मांडीवर घेतलं आणि खिडकीबाहेर पाहत बसले. कर्वे रस्त्यावरची झाडं मागे सरकत होती, उन्हाचे कवडसे चाकाच्या आऱ्यांतून त्यांच्या शर्टावर फिरत होते, आणि बस नदी ओलांडू लागली तेव्हा त्यांना क्षणभर वाटलं की पुलाखालचं ते बिचारं पाणी आता रुंद होत होत क्षितिजापर्यंत जाणार. पेठेच्या थांब्यावर उतरायचं राहून गेलं. पुढच्या थांब्यावरून त्यांना चाक घरंगळवत मागे आणावं लागलं.

या भानगडीत एक वाजून दहा मिनिटं झाली. सीतारामांच्या दुकानाची फळी बंद होती आणि फळीवर पाटी होती: "दुकान एक ते चार बंद असते. कडी वाजवू नये. आतला माणूस जागा असला तरी उघडणार नाही."

भीमरावांना ही पाटी मनापासून आवडली. नियमाने चालणारा माणूस भेटला की त्यांना भरून येतं. ते पायरीवर बसले. बोळात सावली होती. कुठल्या तरी स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला, रेडिओ लागला आणि बंद झाला. चाकावर डोकं टेकवून भीमराव कधी झोपले ते त्यांनाही कळलं नाही. स्वप्नात बोळ संपत होता तिथेच समुद्र होता. प्रेमलाबाई पांढऱ्या गणवेशात पाण्यात उभ्या होत्या आणि हात हलवून म्हणत होत्या, "अहो, या ना!" भीमराव म्हणत होते, "आलोच, फक्त एक सही बाकी आहे." ते सही शोधत होते, पाणी मात्र हळूहळू प्रेमलाबाईंना घेऊन लांब चाललं होतं.

"तुम्ही चाकाची राखण करताय, की चाक तुमची?"

भीमराव दचकून उठले. चार वाजले होते. पुढ्यात ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ पाण्याचा पेला घेऊन उभे होते. हेच सीताराम. त्यांनी ट्यूब हातात घेतली, डोळे मिटून बोटं फिरवली आणि म्हणाले, "अकरा ठिगळं. एकही माझं नाही."

"काढता येईल का हे पंक्चर?"

"येईल. न यायला काय झालं?"

"मग काढा."

सीतारामांनी हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. "हा हात घेऊन काढू? ठिगळ एकीकडे जाईल आणि सोल्युशन तुमच्या चष्म्याला लागेल. कात्रजला संपतकडे जा. माझ्याच हाताखाली शिकलाय. माझ्यापेक्षा चांगलं काढतो." आणि जरा थांबून म्हणाले, "हे त्याला सांगू नका."

एक प्रतिकूल, एक अनुकूल. आता सगळी मदार तिसऱ्यावर होती. पण आज कात्रज होण्यासारखं नव्हतं. भीमराव चाक घेऊन घरी परतले, तर पार्किंगमध्ये साईनाथराव हात मागे बांधून उभे होते. बिनचाकाची गाडी सोसायटीत उभी करण्याबद्दल तक्रार आली होती. भीमराव उसळले. "तक्रार माझी आहे! सोसायटीच्या आवारात खिळा येतोच कसा? चौकशी करा. हा घ्या पुरावा." त्यांनी पाकीट पुढे केलं.

साईनाथरावांनी खिळा उजेडात धरून पाहिला. मग चार पावलं चालून भिंतीपाशी गेले. तिथे एक लाकडी पाटी होती. "ही जागा भीमरावांच्या मोटारसायकलीची आहे. मोटारसायकल नसतानाही." पाटी भीमरावांनीच गेल्या रविवारी ठोकली होती, निळ्या टोपीच्या खिळ्यांनी. चार कोपऱ्यांना चार खिळे होते. पाकिटातला पाचवा.

"चौकशी पूर्ण झाली," साईनाथराव म्हणाले. "इतिवृत्तात घेऊ?"

भीमराव जिना चढून वर गेले. लिफ्ट होती, पण लिफ्टमध्ये आरसा आहे.

प्रेमलाबाईंनी चहा पुढे ठेवला आणि समोर बसल्या. हॉलमधल्या बुद्धमूर्तीपुढचा दिवा नुकताच लावलेला होता. एरवी त्या भरभर बोलतात. आज सावकाश बोलल्या.

"अहो, एक सांगू? एकतीस वर्षं मी ड्यूटीवरून यायचे आणि तुम्ही म्हणायचात, यंदा नक्की. मग कधी मार्च एण्ड निघाला, कधी ऑडिट, कधी सौरभची दहावी. आता मार्च तुमचा नाही, ऑडिट नाही, सौरभला टक्कल पडायला लागलं. तर तुम्ही पंक्चर काढलंत शोधून."

"मी शोधून काढलं? खिळा..."

"खिळा तुमचाच होता. हिराताईंनी सांगितलं मला." त्यांनी कप भीमरावांच्या आणखी जवळ सरकवला. "तुम्हाला समुद्र नको आहे हो. तुम्हाला समुद्राची फाईल हवी आहे. कपाटात ठेवून अधूनमधून उघडून बघायला. मला मात्र समुद्र हवा आहे. तुमच्याबरोबर हवा होता. नसेल होत तर बस आहेच, त्यात रागावण्यासारखं काही नाही."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भीमराव चहा न पिता बसून राहिले. बाई खरं बोलत होती. त्यांना भीती वाटत होती. एवढी वर्षं जो समुद्र रोज आंघोळीच्या वेळी, बसमध्ये, मीटिंगमध्ये त्यांना भेटायला येत होता, तो प्रत्यक्षात तेवढा चांगला नसला तर? आणि एकदा जाऊन आलो की मग वाट कशाची बघायची? हे त्यांनी कुणालाच, अगदी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

शुक्रवारी दुपारी ते कात्रजला पोचले. संपतचं दुकान घाटाच्या रस्त्याला, एका पिंपळाखाली. बापजाद्यांची जमीन रस्त्यात आणि इमारतींत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्याने हवेचा पंप बसवला होता. त्याने टायर उचकटला, ट्यूब फुगवली आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवून हळूहळू फिरवायला लागला.

"लय ठिगळं हायत, पावनं."

"आहेत."

पाण्यातून बुडबुडे वर आले. बारीक, एकामागून एक, अगदी शांतपणे. पिंपळाची सावली पाण्यात हलत होती. भीमराव उकिडवे बसून बघत राहिले. एकेक ठिगळ पाण्याखालून वर येत होतं आणि त्यांना ओळख पटत होती. हे सौरभला शाळेत सोडताना, पौड रस्त्यावर. हे हॉस्पिटलच्या फाटकापाशी, प्रेमला रात्रपाळीवरून सुटली तेव्हा. ती गणवेशातच तीन किलोमीटर गाडीबरोबर चालली होती आणि वाटेत दोघांनी एक कणीस अर्धं अर्धं खाल्लं होतं. हे मंडईत. हे बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशी. अकराही ठिगळं संपली आणि भीमरावांच्या लक्षात आलं, की यातलं एकही पुण्याबाहेरचं नाही. पलीकडे चांदणी चौक, अलीकडे मंडई. एवढी इमानी गाडी, आणि आपण तिला बिचारीला कुठेच नेलं नाही.

"बोला," संपत म्हणाला. "हीच चालवू का नवी टाकू?"

"तुमचा अभिप्राय काय?" भीमरावांनी सवयीने विचारलं.

"माझा कशापायी?"

"शनिवारी बायकोला घेऊन समुद्राला जायचंय. आत्तापर्यंत एक म्हणतो होईल, एक म्हणतो होणार नाही. तुमच्यावर आहे सगळं."

संपतने ट्यूब पाण्याबाहेर काढून मांडीवर पुसली. "आवो, गाडी तुमची, बायकू तुमची, समुद्र तुमचा. त्यात माझा कशाला घेता? म्या पंक्चर काढतो. हाय काय आन् नाय काय. जावा म्हणाल तर जाईल. ऱ्हावा म्हणाल तर ऱ्हाईल."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिसरा अभिप्राय कोराच परत आला होता.

"काढा," ते म्हणाले.

संपतने कानशीने ट्यूब घासली, सोल्युशन लावलं, फुंकर मारली, बारावं ठिगळ चिकटवलं. टायरला आतून रबराची जाड पट्टी बसवली. पट्टी बसवताना म्हणाला, "जपून गेलात तर पोचताल. परतीचं काय सांगता येत न्हाई." निघताना भीमरावांना राहवलं नाही. सीतारामकाका काय म्हणाले, ते त्यांनी सांगूनच टाकलं. संपतने ट्यूबचा आधीच पुसलेला व्हॉल्व्ह पुन्हा एकदा पुसला.

शनिवारी पहाटे सोसायटीच्या फाटकाशी महिला मंडळाची बस घरघरत उभी होती. हिराताई खिडकीतून हाका मारत होत्या. बसच्या मागे मोटारसायकल, चाकासकट. सौरभ अंगठ्याने टायर दाबून बघत होता. "पप्पा, रिस्क आहे हां." साईनाथराव बनियनवर येऊन म्हणाले, "टोइंगवाल्याचा नंबर असू द्या." प्रेमलाबाई पिशवी घेऊन दोन्हींच्या मधोमध उभ्या राहिल्या. त्यांनी बसकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे.

"तुमचं काय म्हणणं आहे?"

भीमरावांनी सौरभकडे पाहिलं नाही, साईनाथरावांकडेही नाही.

"ठिगळाचा भरवसा नाही," ते म्हणाले. "मला भीतीही वाटतेय. पण मला तुझ्याबरोबर जायचंय. चल."

प्रेमलाबाईंनी पिशवी गळ्यात अडकवली आणि मागे बसल्या. हिराताईंना शेवटी खिडकी सोडावी लागली. सोसायटीच्या इतिहासात हे प्रथमच घडलं.

चांदणी चौक मागे पडला. पौड गेलं, मुळशीचं पाणी धुक्याआडून दिसलं आणि गेलं. बस हॉर्न वाजवत पुढे गेली, हिराताईंनी टाटा केला. ताम्हिणी उतरताना प्रेमलाबाईंचा हात खांद्यावर आला आणि भीमरावांना कळेना की हे आता चाललंय की आंघोळीच्या वेळी. दर अर्ध्या तासाने ते थांबून चाक बघायचे, चाक आपलं टणक. माणगावला चहा झाला, म्हसळ्याला पुन्हा झाला. दुपार कलताना सुरूची झाडं आली, रस्ता वाळूत संपला आणि समोर समुद्र होता.

तो निळा नव्हता. थोडा मातकट, थोडा रुपेरी असा होता आणि भीमरावांच्या समुद्रापेक्षा बराच मोठा. दोघं वाळूत बसले. लाट यायची आणि परतही जायची.

"कसा आहे?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"छान आहे."

"अजून दोघांना विचारायचं?"

"नको," भीमराव म्हणाले आणि त्यांना एकदम हसू आलं. मग डोळ्यांत पाणीही आलं. प्रेमलाबाईंनी पदर पुढे केला, "वाऱ्याने येतं," असं म्हणून.

सूर्य खाली आला. भीमरावांनी सहज मागे वळून गाडीकडे पाहिलं. मागचं चाक सपाट बसलं होतं. ते उठायला गेले आणि थांबले. हे आत्ता सांगितलं की ही उठणार, मग दुकान शोधा, गाडी ढकला, संपलंच सगळं. एकतीस वर्षांनी तर आलोय. ते पुन्हा वाळूत टेकले.

"जरा वेळ बसू अजून," ते शक्य तितक्या सहजपणे म्हणाले.

"बसू की," प्रेमलाबाई समुद्राकडे बघत म्हणाल्या. "मी अर्ध्या तासापूर्वीच पाहिलंय ते."